फडकं खोटं बोलत नाही

काडेपेटीच्या कारखान्यात कामाला येणारा खरवईचा एक ओळखीचा माणूस त्या सकाळी अंबरनाथला आमच्या दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "ताई, गिरणीकाकू गेल्या," एवढंच बोलला. त्याला बसा म्हणावं, पाणी द्यावं, काहीच सुचेना. तोही जाईना. मग जणू खरी बातमी हीच असावी अशा आवाजात त्याने विचारलं, "ताई, निळं फडकं म्हणजे कुठलं धान्य हो?"

या गोष्टीला महिना उलटून गेला. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. यमुनाआत्याविषयी लिहायला बसले आहे ती काही कळलं म्हणून नव्हे. कळत नाही, म्हणूनच.

आत्या, म्हणजे गावाची गिरणीकाकू, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. देशावरच्या गव्हाच्या शिवारात वाढलेली, लग्न होऊन बदलापूरला आलेली. तिच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, खरवईच्या वाटेवर, तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी टाकली आणि तिचा आवाज कानात पुरता मुरण्याआधीच ते गेले. ते साल सगळ्या देशालाच हसू की रडू असं झालेलं. तिकडे उल्हासनगरच्या लष्करी बराकींत सिंधमधली माणसं गाठोडी घेऊन उतरत होती आणि इकडे आत्याच्या ओसरीवर दीर मंडळी इंजिन विकायची भाषा करत होती. आत्या आतून म्हणाली, "इंजिन माझ्याशी बोलतं. भाऊजी, तुमच्याशी बोलतं का?" दुसऱ्या दिवशी तिने पदर खोचला आणि इंजिनाचं चाक स्वतः फिरवलं. मदतीला खरवईची पार्वती होती. रुंद मनगटांची, अर्धं वाक्य मनातच ठेवणारी बाई. तिने पट्टा चढवायचा, आत्याने दगडाकडे पाहायचं, अशी वाटणी झाली ती शेवटपर्यंत टिकली.

गिरणी चालवायची म्हणजे दगड फिरवायचा, एवढंच मला वाटे. आत्याने मला शिकवलं की गिरणी चालते ती क्रमाने. हरभऱ्यामागून तांदूळ टाकला तर तांदळाचं पीठ पिवळट, कडवट होतं. म्हणून एका वेळी एकच धान्य, आणि मध्ये दगड झाडून, मूठभर कणी फिरवून स्वच्छ करायचा. पण दगडावर आज काय आहे हे दूरच्या बायकांना कसं कळावं? चामटोलीची सोनीबाई एकदा डोक्यावर नाचणीची पाटी आणि कडेवर मूल घेऊन भर उन्हात आली, तेव्हा दगडावर हरभरा होता. ती उंबऱ्यातच बसली आणि कडाडली, "काकू, माझं पाय काय तुझ्या दगडात दळून आणलंव मी? अदुगर सांगाया काय झालं?" आत्या हसली नाही. त्या संध्याकाळी तिने ट्रंक उघडली आणि कपडे फाडायला घेतले.

काकांच्या धोतराचं पांढरं फडकं तांदळाचं. सासूबाईंच्या आलवणाचं तांबडं नाचणीचं. तिच्या स्वतःच्या लग्नातल्या अष्टपुत्रीचं पिवळं हरभऱ्याचं. त्या साडीवर कात्री चालवताना तिचा हात थांबला होता का, हे विचारायचं राहूनच गेलं... गव्हाला हिरवं. "गहू हिरवा कधीपासून झाला?" मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही पोत्यातला बघता. मी शेतातला बघितलाय." गिरणीच्या छपरावर उंच बांबू उभा राहिला, बाजूच्या आंब्याला रुळाचा एक तुकडा टांगला गेला. फडकं बदललं की आत्या लोखंडी पहारेने रुळावर ठोका द्यायची. तो थरथरता, ओला वाटणारा नाद शेतांवरून सरकत जाई. खरवईच्या अंगणांतून, चामटोलीच्या बांधांवरून बायका कपाळावर हात धरून पाहत आणि त्याप्रमाणे डबे भरत. कुणाची खेप फुकट जाईनाशी झाली. उन्हात ताटकळणारी रांग संपली, दगड दिवसातून दहादा झाडावा लागेना, तेल वाचलं, पिठं निर्मळ झाली. आत्याला या साऱ्याचा अभिमान होता, पण तो ती एकाच वाक्यात सांगे. "फडकं खोटं बोलत नाही."

तिच्याकडे गेले की आमचा एक खेळ ठरलेला. मी दगडाशेजारी डोळे मिटून बसायचं आणि वासावरून सांगायचं, आत काय चाललंय. मला हरभऱ्याचा खमंग, नाकात चढणारा वास तेवढा ओळखू येई. तांदळाच्या पिठाचा, कोऱ्या कापडासारखा गार वास आणि गव्हाचा दुधाळ वास यांत मी दरवेळी चुकायची. "एवढ्या कविता पाठ करतेस," आत्या म्हणायची, "आणि नाक घरी ठेवून येतेस होय गं, सुमे?" ती स्वतः ओट्यापलीकडून, पाठमोरी असतानासुद्धा सांगायची. वासानेच नव्हे, आवाजाने. हरभऱ्यावर दगड खाकरतो, तांदळावर कुजबुजतो, असं तिचं म्हणणं.

वारा आणि ऊन खाऊन फडकी विटली, तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारातून तिच्यासाठी नवे तुकडे आणले. पाच नंबरच्या कॅम्पात एक सिंधी बाई बराकीच्या भिंतीला टेकून कापडाचे उरलेसुरले तुकडे विकायची. मी चार रंग निवडले. तिने वर एक निळा ठेवला. "ये भी ले जाओ, बेटी. चार के साथ पाँचवाँ मेरी तरफ से." मी म्हटलं, निळ्याचं काम नाही. ती म्हणाली, "आज नहीं है. कल का किसको पता?" आत्याने तो तुकडा उन्हात धरून पाहिला, हसली. "निळं धान्य कुठं असतं गं? देवाच्या शेतात पिकत असेल." घडी करून तिने तो स्टुलाखालच्या डब्यात ठेवला. मी तो विसरले. ती विसरली नसावी... की विसरली होती?

आमची शेवटची भेट कार्तिकातली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं ती वर्षभर सांगत होती, पण कल्याणच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की इंजिनाचं काहीतरी निघे. त्या दिवशी छपरावर पिवळं फडकं होतं. आत दगड खाकरत होता, हवेत हरभरा दाटला होता. आत्या स्टुलावर बसून हातातलं पीठ बोटांनी चोळत होती. मी जवळ बसल्यावर सहज म्हणावं तसं म्हणाली, "यंदा लोक हरभरा फार खातात गं." मी म्हटलं, "थंडी आहे, पिठलं करत असतील." ती म्हणाली, "असेल." मग बोटांवरचं पीठ झटकून, "चांगली माणसं आहेत." मला हे दोन्ही एकामागून एक का आलं ते कळलं नाही. निघताना पार्वतीने आग्रहाने जेवायला बसवलं. ताटात पिठलं होतं. "परत पिठलंच का गं?" असं आत्या ओट्यावरून ओरडली आणि पार्वतीने माझ्याकडे न पाहता चुलीत फुंकर घातली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिने फडकं चढवलं, रुळावर ठोका दिला, आणि आंब्याखाली स्टुलावर टेकली ती तशीच. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. पार्वती तेलाची कासंडी घेऊन आली तेव्हा वर निळं फडकं हलत होतं.

मी पोचले तेव्हा अंगणात बायका होत्या, आणि प्रत्येकीजवळ दळण होतं. ठोका ऐकून, वर पाहून, काही न कळून त्या घरात असेल ते घेऊन निघाल्या होत्या. कुणाकडे नाचणी, कुणाकडे तांदूळ, कुणाकडे सूपभर उडीद. अंत्यदर्शनाला धान्य घेऊन आलेली एवढी माणसं मी पूर्वी पाहिली नव्हती, आणि डबे कुठे ठेवावेत हे त्यांनाही समजत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, पार्वती माझ्यापुढे चार फडकी घेऊन बसली आणि पहिल्यांदाच तिने वाक्यं पुरी केली. गणपतीपासून काकूंना पांढरं आणि पिवळं वेगळं दिसेना. तांदूळ म्हणून त्या पिवळं चढवायच्या. पहिल्या दिवशी पार्वती सांगणारच होती. पण तोवर खरवईच्या दोघी हरभरा घेऊन दारात आल्या होत्या, आणि काकू म्हणत होत्या, "बघितलंस, ठोका देताच आल्या."

"मंग तू काय केलंस?" माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

"काय करनार, ताई? हरभराच दलला. फडकं खोटं पडाया नको ना."

फडकं चुकलं की दगडावरचं धान्य बदलायचं, असं तिने ठरवून टाकलं. बायकांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी हरभरा जमवून ठेवायला सुरुवात केली. तांदळाला पांढऱ्याचा दिवस येईना, तेव्हा अडगळीतली जाती बाहेर निघाली. ज्या गिरणीने त्यांचे हात सोडवले होते, तिच्या मालकिणीचा शब्द राहावा म्हणून त्या पुन्हा घरी हाताने तांदूळ दळू लागल्या. शेजारी बसलेली सोनीबाई म्हणाली, "बाय गो, गणपतीपास्नं पिठलं खाल्लाव आमी. माझा म्हातारा बोलतो, ती काकू जगंल, मी मरन." आणि ती हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला, मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी एकाच गाठीभोवती फिरते आहे. जी बाई पाठमोरी राहून वासाने धान्य ओळखायची, तिला तांदूळ म्हणून चढवलेल्या फडक्याखाली हरभरा दळला जातोय हे कळलं नसेल? कळलं असेल तर ती गप्प का राहिली? आणि कळलंच नसेल, डोळ्यांबरोबर नाकही विझत गेलं असेल, तर "यंदा लोक हरभरा फार खातात" हे वाक्य मी कुठे ठेवू? मग ते निळं. पार्वतीच्या मते काकूंना हिरवं चढवायचं होतं, गव्हाचा दिवस होता. दोन्ही रंग त्यांना काळपटच दिसत असणार. सोनीबाई हे ऐकून घेत नाही. "काय पन बोलतंस. तिनं समद्यांना बोलावलान. ज्याच्या घरात जा हाय ता घेऊन या." आणि माझ्या मनात, सांगायला संकोच वाटतो, पण येतं की तो तुकडा मी दिलेला होता. ठोका अंबरनाथपर्यंत ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं. तरीही...

दीर मंडळींनी पुन्हा इंजिन विकायची गोष्ट काढली नाही. पार्वतीने गिरणी चालवावी, हे कुणी न ठरवताच ठरलं. पण वर चढवायचं काय, इथे ती अडली. निळं उतरवायला तिचा हात होईना. "तुमी सांगा, सुमाताई." मी चारही फडकी हातात घेऊन अंगणात उभी राहिले. दिवस मावळतीला लागला होता. त्या प्रकाशात पांढरं आणि पिवळं मी शेजारी धरली आणि क्षणभर मलाही कुठलं कोणतं ते कळेना. फडकी मी तिच्या हातात परत दिली.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले. दुरूनच बांबूवर निळं दिसलं आणि मी वाटेतच थांबले. अंगणात मात्र गडबड होती. पार्वतीने सांगितलं, इतर दिवशी ठरलेली फडकी चढतात, पण आठवड्यातला एक दिवस निळ्याचा. त्या दिवशी कुणीही काहीही आणावं, येईल त्या क्रमाने दळून मिळेल. पिठं एकमेकांत थोडी मिसळतात, दगड सतत झाडावा लागतो, वेळ जातो. "धंद्याला ह्ये परवडायचा नाय," ती म्हणाली. "पन निळा फडका चढलाय ना एकदा. त्याचा कायतरी व्हायला नको?" पुन्हा तेच केलं होतं तिने. फडकं खरं ठरावं म्हणून काम बदललं होतं.

मी आत्याच्या स्टुलावर बसले, भिंतीवरच्या पिठाच्या सायीला पाठ टेकून, आणि सवयीने डोळे मिटले. नाचणीचा मातकट, तांदळाचा गार, मागून कुठूनसा हरभरा... सारं एकमेकांत गेलेलं. पार्वतीने ओळखलं मी काय करतेय ते. "सांगा बगू, काय चाललाय?"

"तांदूळ?" मी म्हटलं.

ती हसली नाही. पाटीतलं धान्य दगडात ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काकूपन असंच बोलायच्या. दगडावर हरभरा असायचा, समदी गिरनी घमघमायची, आनि काकू इथंच बसून पीठ चोलत बोलायच्या, पार्वते, तांदूल झ्याक आलाय हां यंदा."

"आणि तू?"

"मी बोलायची, हो काकू."

मी डोळे उघडले नाहीत. कार्तिकात याच स्टुलावर बसून, असंच पीठ बोटांत चोळत, माझ्याशी बोलताना मात्र तिने हरभऱ्याचंच नाव घेतलं होतं.