बरणीचं झाकण

मंडळी, परतीच्या गाडीत बसून लिहितेय. शेजारी बाबा आहेत.

मी नोकरीसाठी जपानमध्ये असते. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. त्यांना हल्लीचं काही आठवत नाही. आज त्यांना चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका छोट्या गावात नेलं होतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही लखनौला राहायचो. जवळच चिनहटला अशीच भांडी बनायची. चिनी माती म्हणजे चिनहटची माती, असंच मला वाटायचं! बाबा आम्हाला स्कूटरवरून तिथे न्यायचे आणि आई एकेक बरणी वाजवून बघून घ्यायची.

आज दुकानात शिरल्याबरोबर बाबांचा चेहरा खुलला. जपानी मालकीणबाईंना थेट म्हणाले, "बहनजी, हमारे अचार के मर्तबान का ढक्कन आया क्या?"

त्या गोंधळल्या. बाबा लोणच्याच्या बरणीचं झाकण मागतायत, हे मी समजावलं, तेव्हा त्यांनी आतून एक सुटं झाकण शोधून आणलं. आमची बरणी कधीच फुटली, तरी मी ते घेतलं.

बाहेर येताच बाबा म्हणाले, "चल लवकर. आई स्कूटरपाशी उन्हात उभी असेल."

आई गेली असं सांगितलं, की ते दर वेळी नव्यानं रडतात. म्हणून मी नुसतं "हो" म्हटलं आणि त्यांना गाडीत बसवलं.

आता ते झाकण मांडीवर घट्ट धरून सारखे मागे बघतायत.

"अगं, तिला तिथेच सोडून आलो का आपण?"

तुम्ही काय सांगितलं असतंत?