मी मित्राची तारीफ केली, त्याची गोष्ट

अनोळखी नंबर मी उचलत नाही. त्या दिवशी दोनदा आला, दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तो शिव्या द्यायलाच. पलीकडून एक बाई माझं पूर्ण नाव घेऊन अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आपल्या एका मित्राविषयी थोडं विचारायचं होतं." माझा संशय आणखी वाढला. हल्ली लुबाडणारेही इतकंच गोड बोलतात.

मित्र साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप संपलं की घरी बसून. यंदा नाशिकच्या एका कंपनीत गोदाम सांभाळायची कायम नोकरी मिळत होती. ओळखीचा माणूस म्हणून त्याने माझा नंबर देऊन टाकला होता, मला न विचारता.

बाई त्या कंपनीतूनच बोलतायत अशी खात्री पटल्यावर मी सुटलोच. प्रामाणिक आहे, सुपारीचंही व्यसन नाही. पण हे तर कुणीही म्हणेल. म्हणून आमच्याकडे माणूस ज्यावरून ओळखतात ते सांगितलं. गावात कुणी गेलं की हा हातातलं काम टाकून पहिला हजर. लाकडांपासून दहाव्यापर्यंत हलत नाही.

"म्हणजे सुट्ट्या बऱ्याच होतात का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "नाही हो, फक्त जवळच्यांसाठी जातो," मी सारवासारव केली.

"जवळचे साधारण किती?"

अख्खं गाव, असं कसं सांगणार?

नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्यानंतर शहाद्याच्या स्टँडवर मी दिसलो की मित्र बंद फोन कानाला लावायचा. हा गावात माझ्याबद्दल काय पसरवतोय, या विचाराने मला घास गोड लागेना. चहावाला जरा तुटक बोलला तरी शंका यायची. शेवटी मीच त्याला गाठलं.

"तू काय सांगं त्यास्ले?" त्याने विचारलं.

"चांगलंच सांगं."

"चांगलं सांगं तं नोकरी कशी गयी?"

मग मी फोनवरचा शब्द न् शब्द सांगितला. मी काय लपवतोय ते तो माझ्या तोंडावर शोधत होता. मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

"इतलंच?"

"इतलंच. तुन्ही आन," मी शपथ घेतली.

मग तो म्हणाला, "मंग आते गावमा कोनी मरनं तं मी जाऊ नही का?"

नको जाऊ म्हणायला माझी जीभ उचलेना. जा म्हणावं, तर त्याच्या घरात पगार नव्हता.