शिवणवर्गावरचं छत

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही मंगल कार्यालयात शिरलो की मी आधी मान वर करून छत बघतो. "लग्नाला आलोय, पंचनाम्याला नाही," असं बायको कोपरानं ढोसत म्हणते. तिचं बरोबर आहे. पण ही सवय मला एका प्रकरणानं लावली आणि ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. यात कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्यातली काही माणसं आजही त्याच वस्तीत राहतात.

तेव्हा मी यमुनापारच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. माझं बालपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. वडील अमरावतीकडून दिल्लीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता, मयूर विहारच्या बाजूला सोसायट्यांवर सोसायट्या उठत होत्या आणि नोएडाच्या रस्त्यावर नवे बँक्वेट हॉल उघडत होते. तिथलं एखादं लग्न जेवून आलेल्या माणसाला मग आपल्या वस्तीतलं पालिकेचं सामुदायिक भवन बघवत नसे. भिंतींना ओल, उघडे दिवे, पावसाळ्यात मधोमध ठेवलेल्या बादल्या.

आमच्या हद्दीतलं असंच एक भवन. लग्नं, तेराव्याची जेवणं, निवडणुकीचं मतदान, सगळं तिथेच. पालिकेच्या अनुदानातून दुपारी तिथे बायकांचा शिवणवर्ग चालायचा. शिकवणाऱ्या बाई मराठी होत्या, पन्नाशीच्या. पावसाळा संपत आला असताना एका दुपारी वर्ग चालू असतानाच छताचा मोठा तुकडा खाली आला. दोन-तीन बायका जखमी झाल्या. शिकवणाऱ्या बाई जागीच गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा शिवणयंत्रांवर, कापडांवर, सगळीकडे पांढरी धूळ बसली होती आणि एक बाई दुसरीच्या अंगावरची धूळ पदरानं पुसत होती. रडत कुणी नव्हतं. माणसं घाबरली की रडणं उशिरा येतं, हे मी पुढे अनेकदा पाहिलं.

निष्काळजीपणामुळे मृत्यू, म्हणून गुन्हा दाखल झाला. फिर्याद दिली बाईंच्या यजमानांनी. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते आणि वसाहतीच्या समितीचे सचिव. समितीतल्या सगळ्यांचे जबाब मी घेतले. सगळ्यांचं म्हणणं एकच आलं: भवनाचा चौकीदार पंप सुरू करून विसरायचा, टाकी वाहायची, गच्चीवर पाणी साठायचं आणि त्यानंच छत कुजलं. गळती म्हणे कुणी कधी पाहिलेलीच नव्हती. यजमानांनीही तसाच जबाब दिला. वरिष्ठांनी चौकीदाराला अटक करायला सांगितलं.

चौकीदार गढवालचा होता. भवनामागच्या खोलीत बायकोमुलांसह राहायचा. कलम जामिनाचं होतं, पण जामीनदार म्हणून उभं राहायला त्याच्यासाठी या शहरात कुणी नव्हतं, म्हणून तो आतच राहिला. समितीनं खोली रिकामी करायला सांगितली. त्याची बायको रोज सकाळी मुलांना घेऊन ठाण्याच्या फाटकाशी बसायची. ती काही मागायची नाही. हवालदार तिला उठवायचे आणि थोड्या वेळानं ती परत तिथेच दिसायची.

अशात वर्गातली एक तरुण सून ठाण्यात आली. सासूला बाजारात जाते म्हणून सांगून आली होती. तिला फिर्याद द्यायची नव्हती, नुसतं सांगायचं होतं. ती म्हणाली, पूर्वी पावसाळ्यात आम्ही यंत्रं सरकवून मध्ये बादल्या ठेवायचो. जुन्या छताखाली प्लास्टरचं, पीओपीचं नवं छत बसल्यापासून एक थेंब पडला नाही. बाकीच्या खूश होत्या, पण बाई सारख्या वर बघायच्या.

"दीदी पूछती थीं, बारिश तो उतनी ही है, फिर पानी गया कहाँ?"

मी तसाच भवनाच्या गच्चीवर गेलो. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पालिकेनं गच्चीच्या जलरोधक कामासाठी निधी मंजूर केला होता आणि काम पूर्ण झाल्याचं पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यानं आम्हाला सांगितलं होतं. वर जुन्याच फरशा होत्या, फुटलेल्या. कठड्याच्या कोपऱ्यात मनगटाएवढ्या बुंध्याचा पिंपळ उभा होता. उन्हाळ्यात काम झालेल्या गच्चीवर एवढा पिंपळ येत नाही. खाली येऊन ढिगारा पाहिला. सळया हातात भुगा होऊन येत होत्या. हे एकदोनदा वाहिलेल्या टाकीचं काम नव्हतं. वर्षानुवर्षं मुरणारं पाणी शेवटच्या पावसाळ्यात खाली न पडता पीओपीच्या वर थांबलं होतं.

ठाण्यात सगळ्यांना वाटलं, सरळ प्रकरण आहे. पैसे खाल्ले. अभियंत्याला बोलावलं. तो तयारीनं आला होता. पैशाबद्दल काहीही विचारा, उत्तर तयार. दोन तास आमच्या ठाणेदारांनी त्याला घुमवला, पण तो कुठे अडखळला नाही. मग मला बसवलं. माझा अनुभव असा, की माणूस मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो, किरकोळ प्रश्नांची नाही. मी चहा मागवला, ढिगाऱ्यातला पीओपीचा एक तुकडा टेबलावर ठेवला. त्यावर फुलांची नक्षी होती. विचारलं, नक्षी छान आहे, पसंत कुणी केली?

"कमेटीवालों ने," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर चहाचा कप खाली ठेवला.

पुढचं आपोआप आलं. समितीचं शिष्टमंडळ त्याच्याकडे मिठाई घेऊन गेलं होतं. गच्ची कुणाला दिसत नाही, पैसे आलेच आहेत तर आतून हॉल देखणा करून द्या, अशी विनंती. मंजुरी बदलून घ्यायची तर वर्ष जातं, आणि मार्च उलटला की निधी परत जातो. म्हणून कागदावर गच्ची ठेवून काम पीओपीचं झालं. सगळ्या खात्यांत हे चालतं. नगरसेवकानं उद्घाटन केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "साहब, पैसा तो सारा बिल्डिंग पर ही लगा," असं तो परत परत सांगत होता, आणि ते खरं होतं. आम्ही चोर शोधत होतो. चोर नव्हताच.

शिष्टमंडळात पुढे कोण होतं, हे विचारल्यावर त्यानं सचिवांचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं, नाव घेतलं.

आता अडचण अशी, की पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. अभियंता कोर्टात जाऊन सरळ कानांवर हात ठेवणार. समिती गळतीबद्दल काही बोलायला तयार नव्हती. या अवस्थेत सगळं टाकीवर आणि चौकीदारावरच येणार होतं. खरं सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यानंच चौकीदाराविरुद्ध जबाब दिला होता.

रविवारी सकाळी मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. बुद्धमूर्तीशेजारी बाईंचा फोटो ठेवला होता. स्वयंपाकघरात त्यांची मुलगी होती. तिचं त्याच वर्षी लग्न झालं होतं, आणि आई गेल्यापासून ती वडिलांकडे राहायला आली होती. मी पीओपीचा विषय काढला. त्यांनी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं.

मग हळूहळू सांगू लागले. मुलीचं सासर नोएडाच्या नव्या सोसायटीतलं. बँक्वेट हॉल परवडण्यासारखा नव्हता. व्याही येऊन त्या डागांखाली, बादल्यांच्या मध्ये बसणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. लग्नाच्या आधी छत झालं पाहिजे म्हणून ते स्वतः अभियंत्याच्या मागे लागले. गच्ची गळते, हे त्यांनी त्याला सांगितलंही होतं. पुढच्या वर्षी बघू, असं दोघांचं ठरलं.

"ती म्हणत होती, डाग कशाला झाकता, पाणी थांबवा. मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं." ते फोटोकडे बघत नव्हते. "साहेब, चौकीदारानं टाकी कधी वाहू दिली नाही. माणूस चोख होता. आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं ते."

मी म्हटलं, काका, हे दंडाधिकाऱ्यांसमोर सांगावं लागेल.

"सांगितलं तर पोरीला कळेल. तिच्या लग्नासाठी लावलेल्या छताखाली तिची आई गेली. तिनं कसं जगायचं?"

चौकीदाराची बायको ठाण्याच्या फाटकाशी कशी बसते, तेवढंच मी त्यांना सांगितलं. जबरदस्ती करता आली असती, पण धाकानं दिलेली साक्ष उलटते. निघताना म्हणालो, जबाब द्यायचा तर द्या, पण मुलीला आधी तुम्ही सांगा. कोर्टाच्या कागदातून तिला कळू नये. त्या दिवशी मला त्या माणसाचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती. ठाण्यात परतलो तेव्हा ती बाई फाटकाशी होतीच. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ते कोर्टात आले, मुलीला बरोबर घेऊन. ती बाहेर बाकावर बसली. त्यांनी आत जाऊन सगळं सांगितलं: गळती, शिष्टमंडळ, मुलीचं लग्न, टाकीबद्दलचा खोटा जबाब. दंडाधिकाऱ्यांनी समज दिली, की यातलं बरंच तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. ते म्हणाले, जाऊ दे. त्या जबाबावर चौकीदार सुटला, आरोपपत्रातून त्याचं नाव गेलं, आणि अभियंता व पीओपीचं काम केलेल्या ठेकेदारावर खटला उभा राहिला. वसाहतीनं सचिवांशी बोलणं टाकलं. समितीतल्या एकानंही आपला जबाब बदलला नाही.

ते आत होते तेव्हा मुलगी माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर होता. दिल्लीत वाढलेल्या पोरांसारखं तिचं मराठी.

"अंकल, आईला तो डाउट होताच ना, की पाणी वरच आहे?"

मी हो म्हटलं.

"मग ती रोज तिथे बसायचीच का?"

मी म्हटलं, "वर्गातल्या बायकांना दुसरी जागा नव्हती, बेटा."

ती मान हलवून परत बाकावर जाऊन बसली. वडील बाहेर आले तेव्हा तिनं सरकून त्यांना जागा करून दिली.

पुढे अनेक घोटाळे मी तपासले, पैसे खाणारे पकडले, त्यांत कधी गोंधळ उडाला नाही. या प्रकरणानं मला वेगळं काही शिकवलं. सार्वजनिक इमारतीचा पैसा कुठे लागावा, हे ठरवणारी माणसं तिथे वर्षातून एकदोनदा येतात, लग्नाला किंवा उद्घाटनाला. त्या छताखाली रोज दुपारी बसणारी माणसं वेगळी असतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. इथे तर त्यांच्यातल्या एकीनं न विचारता सांगितलं होतं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याला.