कपाटातली श्रवणयंत्रं

ती तक्रार आठवली की आजही डोकं तापतं. तिवसा भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच अकोल्याचा एक व्यापारी येऊन बसला. श्रवणयंत्रं विकणारा. अमरावतीच्या एका दुकानदाराने आमच्या हद्दीतल्या एका गावात म्हाताऱ्यांना वाटलेली यंत्रं बनावट आहेत, त्या भावात यंत्र तयारच होत नाही, असं त्याचं म्हणणं. सरकारी वाटपाचं टेंडर या व्यापाऱ्याच्या हातून गेलं होतं, म्हणजे ही पोटदुखी असणार, असं मी धरून चाललो. तरी अर्ज घेतला आणि गावात गेलो.

एकाही घरातून तक्रार नव्हती, कारण यंत्र जवळजवळ कोणी वापरतच नव्हतं. नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून बहुतेकांनी ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलेली, लग्नकार्यात घालायला.

रोज कानात घालणारी एकच, भाजी विकणारी एक माळीण म्हातारी. तिच्याकडे गेलो तर मुलगाच पुढे झाला. मशीनचा दिवा लागतो म्हणजे ते चालू आहे, आईच ऐकू न आल्याचं सोंग करते, असं त्याने हसत हसत सांगितलं. घरच्यांनी तिच्याशी बोलणंच बंद केलं होतं. ताट पुढे सरकवायचं आणि निघून जायचं. आमचं बोलणं म्हातारीला कळत नव्हतं, पण माझी वर्दी पाहून तिने यंत्र कानातून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"साहेब, याच्यातून काईच आयकू येत नाई. मी सांगू सांगू थकली. कोणी मानत नाई."

यंत्र पंचांसमक्ष जप्त केलं आणि सरकारी दवाखान्यातल्या तज्ज्ञाकडून उघडून घेतलं. आत बॅटरी आणि दिवा, बाकी पोकळ. कपाटांतून निघालेलीही तशीच होती.

दुकानदार चौकशीत बराच वेळ उडवाउडवी करत राहिला. उघडलेलं यंत्र टेबलावर ठेवलं तेव्हा निर्लज्जपणे म्हणाला, "टेंडर कमी भाववाल्यालेच भेटते साहेब. म्हातारे वाढून राहिले, तं धंद्यात सारेच उतरले. अन् हे लोक मशीन कपाटातच ठेवतात, मले मालूम होतं. कोणाचं काय बिघडलं?"

त्याला अटक केली. मग म्हातारीच्या मुलाला ठाण्यात बोलावून पंचनामा वाचून दाखवला. तो मान खाली घालून बसला. म्हणाला, "मंग तिनं आमाले नीट सांगाचं ना."

नोकरीत ठग पुष्कळ पाहिले. त्यांचा राग येतो आणि जातो. हा राग गेला नाही. म्हातारं माणूस स्वतःच्या कानाबद्दल सांगतं ते आपण मानत नाही आणि दिवा लागला की लगेच मानतो, एवढं त्या प्रकरणाने मला शिकवलं. दुकानदारावर फसवणुकीचं कलम लावलं. मुलावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं.