कुंपणालगतची एरियल

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, तेव्हा दूरची रेडिओ स्टेशनं ऐकायला मी आमच्या आंब्याच्या बागेत काटेरी कुंपणालगत लांबलचक एरियल ताणली. शेजाऱ्यांची म्हैस कुंपणाला अंग घासू लागली, की गंजक्या तारा हलून रेडिओत खरखर व्हायची. मी चडफडायचो, बायको मात्र खरखर ऐकताच काठी घेऊन धावायची. शेवटी वैतागून मी एरियल कुंपणापासून लांब, विहिरीकडे नेली. आवाज कसा स्वच्छ आला! निवांत बातम्या ऐकून बाहेर आलो, तर म्हैस बागेत आणि नव्या कलमांचे शेंडे तिच्या तोंडात.

"अहो, ऐकलंत ना जग?" बायको म्हणाली. "आता ती एरियल होती तिथे बांधा."

बांधली. पुढे खरखर झाली, की काठी मीच शोधायचो.