चहा धुणारा अल्लाल

मेक्नेस शहरातल्या अल्लालच्या गल्लीत लग्न असो की बारसं, चहाचं तबक त्याच्याच पुढ्यात यायचं. उंचावरून धार सोडून पेल्यात असा फेस आणायचा, की लोक नवरदेवाला विसरून पेल्याकडे बघत बसायचे. पोस्टात टपाल लावण्यात उभी हयात गेली, पण ओळख राहिली ती या हाताची.

असा हा गृहस्थ निवृत्त झाला आणि त्यानं बाहेरून बारावी देऊन चक्क रसायनशास्त्राला नाव घातलं!

"तुझ्या वयाची माणसं मक्केला जातात, आणि तू कॉलेजात चाललास!" बायको, रकिया, म्हणाली.

"मक्केत वय विचारत नाहीत. कॉलेजात विचारतात. म्हणून हे आधी उरकून घेतो."

बाकी सगळे विषय सुटले. अडलं ते नेमकं चहाशी! चहापत्तीतून कॅफिन काढायचं प्रात्यक्षिक. चहाचा अर्क आणि कॅफिन ओढून घेणारा जड द्रावक, दोन्ही तोटीच्या नरसाळ्यात घालून हळुवार डोलवायचं. मग खालचा थर तोटीतून काढून घ्यायचा. अल्लालनं गेल्या दोन्ही वर्षी नरसाळं असं काही घुसळलं, की आत नुसता फेस! थर वेगळे व्हायलाच तयार नाहीत. आता तिसरी खेप, तीही शेवटची. यंदा आपटला की नाव कटणार.

परीक्षेच्या दिवशी तो दाढी कोरून, रुबाबात आला.

शेजारच्या टेबलावरची गिझलान म्हणाली, "काका, पुदिना आणलात ना?"

"तुझ्या लग्नात घालीन. आज विज्ञान आहे."

तोललेली पत्ती चंचुपात्रात पडली, पाणी उकळलं, आणि पुढचं काम हातांनी परस्पर केलं. थोडं उकळतं पाणी पत्तीवर ओतलं आणि जरा वेळानं ते वेगळ्या भांड्यात काढून ठेवलं. पुन्हा पाणी ओतलं, खळखळवलं आणि दिलं बेसिनमध्ये भिरकावून.

"काका! कॅफिन ओतलंत की!" गिझलान किंचाळली.

परीक्षक बहिजा मादाम धावत आल्या. "हे काय केलंत?"

"धुतला, मादाम. बिनधुतलेला चहा पाहुण्यापुढे ठेवतात होय?"

"इथे पाहुणा कोण आहे?"

"तुम्हीच की."

मादाम झाल्या तरी मेक्नेसच्याच लेक; चहा धुण्याची तिथली रीत त्यांनाही पाठ. त्यांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, "आणि पहिलं पाणी?"

"ते कसं टाकीन? तो तर चहाचा जीव!" त्यानं बाजूचं भांडं पुढे केलं.

"घाला परत. दुसरी पत्ती मिळणार नाही. पास व्हायला फळ्यावर जेवढा लिहिलाय, त्याहून कॅफिनचा उतारा कमी भरला, तर मला काही करता येणार नाही."

अल्लालनं जीव परत पत्तीत ओतला, सोडा घातला, उकळलं, गाळलं, गार केलं. मग द्रावक घालून नरसाळं हातात घेतलं. मनगट शिवशिवत होतं. आयुष्यभर ज्या फेसावर मिशीला पीळ दिला, तोच आज वैरी! त्यानं नरसाळं आडवं धरलं आणि रकिया नातवाला जोजवते तसं डोलवलं. मधूनमधून तोटी उघडून आतली वाफ सोडली.

"काका, झोपलं का बाळ?" गिझलाननं विचारलं.

"तू तुझं घुसळणं थांबव. ताक करायला बसलीस का?"

थर सुरीनं कापल्यासारखे वेगळे झाले. खालचा काढून घेतला, द्रावक तापवून उडवला. तळाशी कॅफिनच्या पांढुरक्या सुयांची एक चिमूट उरली. काट्यावर ठेवली, तर आकडा फळ्यावरच्या आकड्याच्या नखभर वर!

"उतारा इतका कमी का?" मादामनी तोंडी परीक्षा सुरू केली.

"थोडा बेसिनच्या नशिबात होता."

"शास्त्रीय भाषेत सांगा."

"दुसऱ्या पाण्यात काही कॅफिन विरघळून वाहून गेलं, मादाम."

"पुन्हा धुवाल चहा?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण अल्लालनं छाती काढून सांगितलं, "इथे नाही धुणार. पण तुम्ही घरी आलात, तर धुतल्याशिवाय देणार नाही."

मादामनी 'उत्तीर्ण'वर सही ठोकली आणि पेनाला टोपण लावलं.

"शुक्रवारी येते. फेस मात्र हवा."