मामीनं नको म्हटलेलं बटन

राणीसावरगावच्या आमच्या मामीच्या रेशीमशेडमध्ये बोलायला बंदी होती. रेशमाच्या अळ्या कात टाकायला बसल्या की माना वर करून निपचित राहतात, पाल्याला तोंड लावत नाहीत. तेव्हा तर ती मामालाही बाहेर काढायची. घरात मात्र तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

मी परभणीत इंग्रजी शाळेत शिकलेली आणि चारचौघांत न बोलणारी. सुट्टीत गावी गेले की कुणीतरी हटकून म्हणायचं, "बोल की गं इंग्लिशमधी!" मामी वाढता वाढता सुनवायची, "जेवू दे तिला. ती बोलली तर तुला कळणार हाय का?" मग मला शेडमध्ये न्यायची. "घरात ही एकलीच हाय, जिला गप बस म्हणावं लागत न्हाई." माझं गप्प राहणं कुणाला गुणही वाटू शकतं, हे मला तिथंच कळलं.

शेडमध्ये तीन खण आणि त्यांत तीन वयांच्या अळ्या. लहानांना ऊब आणि ओल, मोठ्यांना वारा, कात टाकणाऱ्यांना कोरडी हवा. मामी दिवसभर या खणातून त्या खणात. त्यापायी लेकीच्या, सुरेखाताईच्या, पहिल्या बाळंतपणाला ती परभणीला जाऊ शकली नव्हती. तेव्हापासून ताई तिच्याशी फोनवर जेवढ्यास तेवढं बोलायची. आता ताईचे दुसऱ्यांदा दिवस भरत आले होते आणि शेड पुन्हा भरलेलं होतं.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रत्येक खणात एकेक छोटा बोर्ड बसवला. त्या खणातला धुकं सोडणारा फॉगर, हीटर आणि पंखा त्या बोर्डाच्या ताब्यात, आणि तिन्ही बोर्ड मामीच्या मोबाइलवर एकाच ॲपमध्ये. सगळ्यांत वर मी हौसेनं एक मोठं बटन दिलं होतं: 'सगळे चालू, सगळे बंद'.

मामीनं चष्मा लावून पाहिलं. "हे काढ."

"मामी, सोपं पडतं गं."

"कुणाला? मला का अळ्यांना? ज्याचं त्याला वेगळं ठेव बाई."

मी काढलं. आता नोकरीत असं बटन कुणी मागितलं, की मी आधी विचारते, सोपं कुणाला?

तरी ताईकडे जायला मामीचा पाय निघेना. शेवटी मामाच म्हणाला, "जा तू. पाला मी टाकतो. ही पोरगी हाय, तिचं ते डबडं हाय."

"डबडं म्हणू नका, इंजिनेर हाय ती," म्हणत मामी एसटीत बसली.

दुसऱ्या दिवशी मधल्या खणातल्या अळ्यांनी माना वर केल्या. मी मामीला फोटो पाठवला. थोड्या वेळानं त्या खणातला फॉगर आपोआप थांबला. शेजारच्या लहानांच्या खणात धुकं तसंच पडत राहिलं. परभणीच्या दवाखान्यात बसून मामीनं नेमकं तेवढंच बंद केलं होतं.

संध्याकाळी सुरेखाताईचा फोन आला. "मुलगी झाली गं!"

मागून मामी ओरडली, "पाचवी पुजूनच येते म्हणावं!"

"मामीला दे ना, मधल्या खणाचं विचारायचंय."

"ती कशाची येतीय! बाळ मांडीवरनं खाली ठिवंना. मला बी घेऊ देईना, बघ," ताई म्हणाली.

ताई मामीची तक्रार करत होती, आणि हसत होती.